काट्यावरचा ओलावा : एक्स्टेन्शनमध्ये ठेवलेल्या प्रायव्हेट प्रॉपर्टीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी सभासदांचा कापूस विकत घेते आणि जवळच्या जिनिंगमध्ये त्याची रुई व सरकी वेगळी करून घेते. या कंपनीसाठी काट्यावर चालणारे अँड्रॉइड अ‍ॅप आम्ही तिघांनी लिहिले होते. ओळख पटू नये म्हणून गाव, कंपनी आणि काट्याचे यंत्र पुरवणारी संस्था यांची नावे येथे दिलेली नाहीत.

काट्यावरचे काम कसे चालते हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी अडचण त्या क्रमातूनच उभी राहिली. भरलेली गाडी काट्यावर चढते आणि तिचे वजन नोंदवले जाते. ग्रेडर गाडीतील कापसात दोन-तीन ठिकाणी मॉइश्चर मीटर खुपसून ओलावा मोजतो, आपल्या वहीत लिहितो आणि अ‍ॅपमध्ये भरतो. त्यानंतर गाडी गंजीकडे जाऊन खाली होते, रिकामी परत येते, पुन्हा वजन होते, आणि मगच निव्वळ वजन, ओलाव्याची कपात व रक्कम असलेली काटापट्टी छापली जाते. पहिल्या आणि दुसऱ्या वजनाच्या मधे कधी वीस मिनिटे जातात, कधी तास जातो, आणि तेवढ्या वेळात मागच्या कितीतरी भरलेल्या गाड्या काट्यावरून पुढे सरकलेल्या असतात.

ओलाव्याचा नियम कंपनीने भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीप्रमाणेच ठेवला होता. ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस स्वीकारायचा नाही. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस दवामुळे ओलसर असतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला हाच आकडा शेतकऱ्याच्या सर्वांत जिव्हाळ्याचा असतो.

वर्गात जागा नव्हती

काट्याचे यंत्र पुरवणाऱ्या संस्थेने यंत्राशी बोलण्यासाठी कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतील एक बंद लायब्ररी (जिच्यात आम्हाला बदल करता येत नव्हता असा तयार कोडचा संच) दिली होती. तिच्यातील मुख्य क्लासला, म्हणजे नोंदीच्या साच्याला, आपण ‘वजननोंद’ म्हणू. ती डेटा क्लास, म्हणजे मुख्यतः माहिती साठवणारी क्लास, होती आणि तिच्यात तीनच गोष्टी होत्या : काट्याचा क्रमांक, किलोमधील वजन, आणि वजन स्थिर झाले की नाही हे सांगणारी खूण. ओलाव्यासाठी तिच्यात जागा नव्हती, आणि काट्याच्या यंत्राला ओलाव्याशी देणेघेणे नसल्यामुळे ती असण्याचे कारणही नव्हते. अ‍ॅपमध्ये मात्र सगळीकडे हीच वजननोंद एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे जात होती, आणि ओलावा तिच्यासोबतच जावा असे आम्हाला वाटत होते.

त्या वेळी चार मार्ग समोर होते. लायब्ररीत एक मोकळे फील्ड वाढवून मागणे हा पहिला. पुरवठादाराचे उत्तर हंगाम संपल्यावर आले असते. वजननोंदीपासून तिचे सगळे घेऊन वर ओलाव्याला जागा देणारी आपली उपक्लास काढणे हा दुसरा. पण कोटलिनमधील डेटा क्लास वारशासाठी खुली करताच येत नाही, म्हणून तो जागीच मिटला. वजननोंद आणि ओलावा या दोहोंना पोटात घेणारी आपली स्वतंत्र क्लास लिहिणे हा तिसरा. त्यासाठी अ‍ॅपमधील बऱ्याच पडद्यांचा कोड बदलावा लागला असता आणि खरेदी चार दिवसांवर आली होती. चौथा मार्ग एक्स्टेन्शनचा, म्हणजे मूळ क्लासला हात न लावता तिला बाहेरून काही जोडण्याच्या भाषेतील सोयीचा, होता.

हा चौथा मार्ग आमच्या वरिष्ठ सहकाऱ्याने सुचवला. पुण्यात आयफोनची अ‍ॅप लिहिण्यात त्याची बरीच वर्षे गेली होती आणि ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत ‘क्लास एक्स्टेन्शन’मध्ये प्रायव्हेट प्रॉपर्टी (बाहेरच्या कोडला न दिसणारे, क्लासच्या आतले मूल्य) ठेवणे हा त्याच्या हाताचा रोजचा भाग होता. शब्द तोच, हेतू तोच. त्यामुळे येथेही तसेच करता येईल असे वाटणे स्वाभाविक होते. मी त्याला दुजोरा दिला, म्हणून हा निर्णय दोघांचाही धरला पाहिजे.

एकच शब्द, दोन निराळ्या गोष्टी

ऑब्जेक्टिव्ह-सीमधील क्लास एक्स्टेन्शन ही निनावी कॅटेगरीसारखी लिहिली जाते, पण ती मूळ क्लासच्या अंमलबजावणीबरोबरच कंपाइल होते. म्हणून तिच्यात घोषित केलेल्या प्रॉपर्टीला ऑब्जेक्टच्या, म्हणजे क्लासच्या साच्यातून तयार झालेल्या प्रत्यक्ष वस्तूच्या, स्वतःच्या स्मृतीत खरीखुरी जागा मिळते. याची अट अशी की मूळ क्लासचा सोर्स कोड तुमच्या हातात असला पाहिजे. परक्या क्लासला जोडता येते ती कॅटेगरी, आणि कॅटेगरीत मेथड (क्लासची फंक्शन) वाढवता येतात, साठवणुकीची जागा वाढवता येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी २००९ मध्ये मॅक ओएस १०.६ बरोबर ‘असोसिएटेड ऑब्जेक्ट’ची सोय आली, तिच्यात रनटाइम (चालू प्रोग्रॅम सांभाळणारी यंत्रणा) एका बाजूच्या तक्त्यात त्या विशिष्ट ऑब्जेक्टच्या नावे मूल्य सांभाळते आणि ऑब्जेक्ट नष्ट झाला की ते मूल्यही सोडून देते.

कोटलिनचे एक्स्टेन्शन यापेक्षा मुळातच वेगळे आहे. ते क्लासमध्ये काहीही घालत नाही. कंपाइलर त्याचे एका साध्या स्टॅटिक फंक्शनमध्ये रूपांतर करतो आणि ज्या ऑब्जेक्टवर ते चालवायचे तो ऑब्जेक्ट पहिला पॅरामीटर म्हणून त्याला देतो. वस्तूचा आकार मूळ क्लास कंपाइल होताना ठरून गेलेला असतो, त्यामुळे एक्स्टेन्शन प्रॉपर्टीला बॅकिंग फील्ड, म्हणजे मूल्य साठवायची स्वतःची जागा, मिळत नाही आणि तिला आरंभीचे मूल्यही देता येत नाही. मूल्य परत देणारा गेटर आणि मूल्य ठेवणारा सेटर तेवढे लिहिता येतात. स्विफ्ट भाषेनेही एक्स्टेन्शनमध्ये ऑब्जेक्टसाठी फक्त मोजून काढलेल्या प्रॉपर्टींना परवानगी ठेवली आहे, साठवलेल्या प्रॉपर्टींना नाही.

‘प्रायव्हेट’ हा शब्द येथे आणखी एक गोंधळ घालतो. कोटलिनमध्ये फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर लिहिलेले प्रायव्हेट एक्स्टेन्शन त्या फाइलपुरतेच दिसते. म्हणजे प्रॉपर्टी कोणाला दिसावी एवढेच तो शब्द सांगतो. ती कोठे ठेवली आहे आणि कोणाच्या मालकीची आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. आम्ही मात्र ती खाजगी आहे म्हणून ती त्या नोंदीची स्वतःची आहे असे धरून चाललो.

काय लिहिले गेले

जागा नाही म्हटल्यावर ती बाहेर निर्माण करणे ओघाने आले. फाइलमध्ये एक प्रायव्हेट वीकहॅशमॅप, म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणारा पण किल्लीला घट्ट धरून न ठेवणारा जावाचा तक्ता, तयार केला. ‘ओलावा’ या प्रायव्हेट एक्स्टेन्शन प्रॉपर्टीचा सेटर वजननोंद ही किल्ली आणि ओलावा हे मूल्य म्हणून त्या मॅपमध्ये टाकत असे, तर गेटर त्याच किल्लीने ते परत काढत असे. वीकहॅशमॅप निवडण्यामागे विचार होता : वजननोंदीचे काम संपले आणि तिला कोणी धरून ठेवलेले नसले की गार्बेज कलेक्टर (निकामी वस्तू स्मृतीतून काढणारी यंत्रणा) तिला उचलेल, तिच्याबरोबर मॅपमधील ओळही जाईल आणि दिवसभरात स्मृती भरत जाणार नाही. मॅपमध्ये काही सापडले नाही तर गेटरने ८ परत द्यावे, असेही ठरवले. ‘कपात नाही’ हा आकडा सुरक्षित आहे, असे तेव्हा वाटले.

कचेरीत चाचणी झाली. एक गाडी, एक ओलावा, एक पट्टी. सगळे बरोबर आले.

तक्रार

खरेदी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा एक वयस्कर सभासद हातात पट्टी घेऊन काट्याच्या खोलीत आले. पट्टीवर ओलावा ११ होता. ते म्हणाले, “माहा कापूस चार दिवस उन्हात होता जी, मंग अकराची ओल आली कुठून?” त्यांची पिकअप भरून २,९५० किलो आणि रिकामी १,७५० किलो होती; म्हणजे निव्वळ कापूस १२ क्विंटल. ३ टक्के कपात म्हणजे ३६ किलो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या दराने हिशेब केला तर सुमारे २,७०८ रुपये. ज्या घरात वेचणीची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी चुकवायची असते, त्या घरात ही रक्कम लहान नसते.

पुढच्या दोन दिवसांत अशाच आणखी तक्रारी आल्या. वजनावर कोणाचा संशय नव्हता, कारण काट्याची पडताळणी वैधमापन विभागाकडून झालेली होती आणि त्याचे सील जागेवर होते. साहजिकच बोट मॉइश्चर मीटरकडे वळले.

पहिला निर्णय : मीटर की अ‍ॅप?

आम्ही मीटरच्या मागे लागलो आणि त्यात पाच दिवस गेले. दुसरे मीटर मागवले, एकाच गाडीत दोन्ही लावून पाहिले, सेल बदलले. दोन्ही मीटर जवळपास सारखेच आकडे दाखवत होते. त्या पाच दिवसांत अ‍ॅपचा लॉगही पाहिला होता, पण लॉगमध्ये वजननोंद छापली की तिची तीन फील्ड तेवढी दिसत. ओलावा ऑब्जेक्टमध्ये नव्हताच, तर तो छापला कसा जाणार? डीबगरमध्ये (चालू कोड आतून पाहण्याच्या साधनात) ऑब्जेक्ट उघडून पाहिला तरी तेच. जे बिघडले होते ते आमच्या नजरेआड ठेवण्याची व्यवस्था आम्हीच केली होती.

उलगडा ग्रेडरच्या वहीतून झाला. अ‍ॅप आल्यावर वही बंद करा असे आम्ही त्यांना सुचवले होते; त्यांनी ती बंद केली नव्हती. सहाव्या दिवशी संध्याकाळी वहीतील आकडे आणि छापलेल्या पट्ट्या शेजारी ठेवून आमच्या सर्वांत तरुण सहकारीने एकेक ओळ ताडून पाहिली. चुकलेल्या पट्टीवरचा ओलावा कल्पित नव्हता. तो त्याच दिवशी नंतर आलेल्या दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा होता. आणि त्या दोन्ही गाड्यांचे भरलेले वजन प्रत्येक वेळी सारखे होते. याच पडताळणीत तक्रारीत कधीच न आलेली दुसरी बाजूही उघड झाली : काही ओल्या कापसाच्या पट्ट्यांवर ८ छापले गेले होते आणि कपात झालीच नव्हती. अशा शेतकऱ्यांनी तक्रार करण्याचे कारण नव्हते.

मॅपच्या आत काय घडत होते

डेटा क्लासमधील समानता तिच्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधील प्रॉपर्टींवरून ठरते. काट्याचा क्रमांक एक, वजन एक आणि दोन्ही स्थिर, म्हणजे कोटलिनच्या दृष्टीने दोन्ही वजननोंदी समान. गाड्या दोन, शेतकरी दोन, तरी समान. आमचा काटा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवणारा होता आणि एकाच प्रकारच्या पिकअप जवळजवळ सारखाच माल भरून येत होत्या. त्यामुळे दोन वजने जुळणे हा दुर्मीळ योगायोग राहिला नव्हता. आणि जावाचा वीकहॅशमॅप किल्ली ओळखण्यासाठी हीच समानता वापरतो, वस्तूची स्वतःची ओळख नाही. ज्यांची समानता म्हणजे प्रत्यक्ष तीच वस्तू असणे, अशा किल्ल्यांसाठी तो मुख्यतः योजलेला आहे, असे त्याच्या दस्तऐवजातच नमूद आहे.

आता क्रम पाहावा. पहिली गाडी २,९५० किलो, ओलावा ८. मॅपमध्ये ओळ तयार झाली. ती गाडी गंजीवर खाली होत असताना दुसरी गाडी आली, वजन २,९५०, ओलावा ११. मॅपला ही किल्ली आधीच असल्याचे दिसले, म्हणून त्याने नवी ओळ न करता जुन्या ओळीतील मूल्य बदलले. पहिली गाडी परत आली आणि तिच्या पट्टीवर ११ छापले गेले.

येथपर्यंत समजायला सोपे आहे. पुढचा भाग समजायला आम्हाला एक रात्र लागली. समान किल्ली पुन्हा टाकली जाते तेव्हा मॅप मूल्य बदलतो, पण किल्ली जुनीच ठेवतो. म्हणजे दुसऱ्या गाडीचा ओलावा पहिल्या गाडीच्या नोंदीला वीक रेफरन्सने, म्हणजे वस्तूला धरून न ठेवणाऱ्या सैल दुव्याने, लटकलेला होता. पहिल्या गाडीची पट्टी छापून झाली, तिची नोंद सुटली, गार्बेज कलेक्टरने ती उचलली आणि तिच्याबरोबर ती ओळच नाहीशी झाली. मग दुसरी गाडी रिकामी होऊन आली तेव्हा मॅपमध्ये काहीच नव्हते, आणि गेटरने आमच्या सांगण्याप्रमाणे ८ परत दिले. गार्बेज कलेक्टर कधी चालेल याचा नेम नसल्यामुळे कधी दुसरी पट्टी बरोबर येई, कधी चुके. एका गाडीवर केलेल्या चाचणीत यातील काहीही दिसणे शक्य नव्हते.

वरिष्ठ सहकाऱ्याच्या जुन्या अनुभवाने त्याला का फसवले, हेही येथे स्पष्ट झाले. ऑब्जेक्टिव्ह-सीचे असोसिएटेड ऑब्जेक्ट, जावास्क्रिप्टचा वीकमॅप, डॉटनेटचा कंडिशनलवीकटेबल हे सगळे प्रत्यक्ष त्याच वस्तूच्या ओळखीने चालतात. त्या भाषांमध्ये हीच युक्ती किमान दोन गाड्यांची सरमिसळ तरी करत नाही. जावाचा वीकहॅशमॅप दिसायला त्यांच्यासारखा असून वागायला निराळा आहे.

दुसरा निर्णय : खरेदी थांबवायची का?

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याबाहेर गाड्यांची रांग होती. खरेदी बंद ठेवावी असे माझे मत होते. संचालकांचे म्हणणे असे की रात्रभर थांबलेल्या गाड्या परत पाठवल्या तर भाड्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसेल. तोडगा असा निघाला की अ‍ॅपमधून फक्त निव्वळ वजन छापायचे, ओलावा ग्रेडरने वहीतून पाहून पट्टीवर हाताने लिहायचा आणि सही करायची, व कपात कारकुनाने मोजायची. ओलाव्याच्या प्रॉपर्टीला हात लावणारा सगळा कोड त्याच सकाळी बंद केला. मागे पाहता संचालकांचा निर्णय माझ्यापेक्षा योग्य होता.

दुरुस्तीसाठी तोललेले पर्याय

सर्वांत कमी बदलाचा पर्याय म्हणजे मॅप बदलणे. जावाचा आयडेंटिटीहॅशमॅप वस्तूच्या ओळखीने चालतो, पण तो किल्ल्या घट्ट धरून ठेवतो, म्हणजे ओळी आपण स्वतः काढाव्या लागतात. ग्वावा लायब्ररीत वीक किल्ल्यांचा असा मॅप तयार करता येतो जो ओळखीने तुलना करतो. तो घेतला असता तर सरमिसळ थांबली असती आणि दोन ओळींच्या बदलात काम झाले असते. तरुण सहकारी या बाजूने होती, आणि हंगामाच्या मध्यावर कमीत कमी कोड हलवावा हा तिचा मुद्दा हलका नव्हता.

तरीही आम्ही तो घेतला नाही. काट्यावरचा टॅब्लेट स्वस्तातला होता. गाडीचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की स्मृती अपुरी पडून अँड्रॉइड आमचे अ‍ॅप कधीकधी बंद करी. अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर वजननोंद साठवलेल्या माहितीवरून नव्याने तयार होई, म्हणजे वस्तू नवी. ओळखीने चालणाऱ्या मॅपला ही नवी वस्तू अनोळखीच, आणि तसाही तो मॅप जुन्या प्रोसेसबरोबर गेलेला. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात तो केवळ स्मृतीत, तोही ऑब्जेक्टच्या बाहेर, राहू देणे मला कोणत्याही मॅपने पटण्यासारखे नव्हते.

म्हणून सुरुवातीला बाजूला सारलेला तिसरा मार्गच अखेर घेतला. ‘खरेदीनोंद’ नावाची आमची स्वतःची क्लास लिहिली. तिला स्वतःचा अनन्य क्रमांक दिला. भरलेल्या गाडीची वजननोंद, रिकाम्या गाडीची वजननोंद आणि ओलावा ही तिची प्रॉपर्टी झाली. ओलाव्याचा सेटर प्रायव्हेट ठेवला, म्हणजे तो फक्त क्लासच्या स्वतःच्या फंक्शनमधून बदलतो, आणि ते फंक्शन १२ च्या वरचा आकडा नाकारते. भरताक्षणी नोंद टॅब्लेटवरच्या डेटाबेसमध्ये जाते. मूळ ८ हा आकडा काढून टाकला. ओलावा भरला नसेल तर प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, असते आणि नल असेपर्यंत पट्टी छापलीच जात नाही. एक्स्टेन्शन आम्ही टाकून दिले नाहीत. किलोचे क्विंटल करणे, दोन वजनांतून निव्वळ वजन काढणे, यांसारख्या मोजून काढण्याच्या गोष्टींसाठी ते अजूनही आहेत, आणि त्या कामासाठी ते उत्तम आहेत.

पडदे बदलायला सहा दिवस लागले. सुरुवातीला हेच काम केले असते तरी जवळपास तेवढेच लागले असते. खरेदी दोन दिवस उशिरा सुरू झाली असती.

परिणाम

वहीवरून जुन्या सर्व पट्ट्यांचा हिशेब पुन्हा झाला. ज्यांची कपात जास्त झाली होती त्यांना फरकाची रक्कम देण्यात आली. ज्यांची कपात राहून गेली होती त्यांच्याकडून वसुली करावी की नाही, यावर संचालकांच्या बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. चूक शेतकऱ्याची नव्हती, म्हणून वसुली न करण्याचे ठरले आणि त्या रकमेचा वाटा आम्ही आमच्या कामाच्या बिलातून वजा करून दिला. नवी आवृत्ती लागल्यानंतर हंगाम संपेपर्यंत वही आणि पट्टी यांत फरक आढळला नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय एका चाचणीचा होता : सारख्याच वजनाच्या दोन गाड्या, दोन निराळे ओलावे, आणि पट्ट्या उलटसुलट क्रमाने. ती सुचली नाही, कारण चाचणी लिहिताना आम्ही कोडकडे पाहत होतो. काट्यावर अर्धा दिवस उभे राहिलो असतो तर एका वेळी चार-पाच गाड्या अर्धवट अवस्थेत असतात हे डोळ्यांना दिसले असते.

मॅपमध्ये काही न सापडल्यास ८ देण्याचा निर्णय मला आजही सर्वांत जास्त खटकतो. तो नसता तर पहिल्याच दिवशी एखादी पट्टी अडली असती, कोणी तरी आम्हाला फोन केला असता आणि पाच दिवस मीटर तपासण्यात गेले नसते. समानतेची चूक आम्हाला माहीत नव्हती, पण हरवलेला आकडा भरलेल्या आकड्यासारखा दाखवायचा हे आम्ही जाणून ठरवले होते.

कोड तपासताना आता एक प्रश्न आम्ही ठरवून विचारतो : एक्स्टेन्शनला सेटर असेल, तर तो लिहिलेले मूल्य नेमके कोठे ठेवतो? उत्तर ‘बाहेरच्या मॅपमध्ये’ असे आले, तर किल्ली समानतेने ओळखली जाते की ओळखीने, आणि अ‍ॅप बंद पडल्यावर त्या मूल्याचे काय होते, हे लिहून दिल्याशिवाय तो बदल पुढे जात नाही.

पुढच्या हंगामाआधी पुरवठादाराने लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत वापरकर्त्यासाठी एक मोकळे फील्ड दिले. ते आम्ही वापरलेले नाही. ग्रेडरची वही मात्र चालू आहे. रोज संध्याकाळी काटा बंद झाल्यावर कारकून आणि ग्रेडर दिवसाच्या पट्ट्यांवरील ओलावा वहीशी ताडून पाहतात आणि पानाच्या तळाशी दोघेही सही करतात.